बॉल नाही, गुडघा पळतोय: गोल्फच्या स्विंगमध्ये पायांचं काम

डिसेंबरातली सकाळ, पुण्यातला एक कोर्स, गवतावर दव. हातात ७ नंबरचं आयर्न, म्हणजे मधल्या पल्ल्याचा क्लब, आणि सलग चौथा बॉल उजवीकडच्या झाडीत. मी आपला कधी ग्रिप तपासतोय, कधी मनगट. बरोबर बॅग घेऊन चालणारे कॅडी मामा बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "साहेब, बॉल कुठं पळत नाहीये. तुमचा गुडघा पळतोय." आणि त्यांनी बोट खाली दाखवलं. दवात माझ्या उजव्या बुटाचा ठसा नीट उमटला होता. डाव्या बुटाचा ठसा मात्र लांबट, लक्ष्याच्या दिशेनं इंच-दीड इंच घसरत गेलेला. गुडघा पुढे धावला, त्याच्यामागे कंबर गेली, कमरेमागे अख्खा माणूस गेला, आणि हातातला क्लब बिचारा मागे राहिला. मग बॉल उजवीकडे जाणार नाही तर काय?

त्या दिवसापासून मी हाताकडे बघणं कमी केलं आणि पायांकडे बघायला लागलो. हा लेख अशांसाठी आहे ज्यांना ग्रिप साधारण जमली आहे, दहापैकी पाच-सहा बॉल हवेत जातात, पण 'पायांचं काय करायचं' हे कुणी धड सांगितलेलं नाही. कोचही बऱ्याचदा 'वजन पुढं आणा' म्हणतात आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे वळतात. वजन पुढं आणायचं म्हणजे नेमकं काय हलवायचं, ते इथे टप्प्याटप्प्यानं बघू.

सगळं उजव्या हाताच्या खेळाडूच्या हिशेबानं लिहितो. पुढचा गुडघा म्हणजे लक्ष्याकडचा, म्हणजे डावा. डावखुऱ्यांनी उलट वाचावं, त्यांना आयुष्यभर तीच सवय असते.

आधी गुडघ्याचा स्वभाव

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात दोन सांधे शिकलो होतो, बिजागरीचा आणि उखळीचा. गुडघा बिजागरीचा, खुबा उखळीचा. गोल्फच्या स्विंगचं निम्मं गणित या दोन शब्दांत आहे. गुडघा दारासारखा उघडतो, मिटतो. वाकलेला असताना थोडासा फिरतोही, पण सरळ झाला की फिरणं जवळजवळ बंद. खुबा मात्र सगळीकडे फिरतो. त्यामुळे स्विंगमधलं वळण खुब्यात घडायला हवं आणि गुडघ्यानं फक्त वाकून-उघडून त्याला जागा करून द्यायला हवी. ज्याचा खुबा आखडलेला, तो नकळत ते वळण गुडघ्यातून काढतो. बिजागरीवर दार पिळलं तर स्क्रू ढिले होतात, तसंच.

म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. गुडघा 'हलवायचा' नसतो. पायाखाली दाब कुठे आहे आणि कंबर कुठे वळते आहे, यावरून तो आपोआप हलतो. पुढे मी 'गुडघा इकडे जातो, तिकडे जातो' असं म्हणेन, ते तपासायची खूण म्हणून. गुडघ्याला धरून ओढायला नव्हे.

पायरी १: उभं राहणं

७ आयर्नला पावलांतलं अंतर खांद्यांएवढं, ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब क्लबला, त्याहून थोडं जास्त. गुडघे किती वाकवायचे? मोजायचंच झालं तर २० ते २५ अंश. पण अंश कोण मोजतो. लोकलमध्ये हँडल न धरता उभं राहिलात की गाडी वळण घेताना गुडघे आपोआप जेवढे सैल होतात, तेवढे. त्याहून जास्त वाकलात तर बसल्यासारखं होतं आणि वळता येत नाही. वजन चवड्यांच्या टोकावर नको, टाचेवरही नको. बुटाची लेस जिथे बांधतो त्याच्या खाली दाब जाणवला की झालं.

आता पुढचं पाऊल. ते सरळ नव्वद अंशात ठेवू नका, बाहेर वळवा. घड्याळाच्या तबकडीवर बारा म्हणजे तुमच्या समोर, तर डाव्या पायाचा अंगठा अकराच्या दिशेला. जुन्या काळचा दिग्गज गोल्फर बेन होगन उजवं पाऊल सरळ आणि डावं बाहेर वळवलेलं ठेवायला सांगायचा. त्यामागचं कारण साधं आहे. बॉल मारल्यावर कमरेला लक्ष्याकडे वळायचं असतं आणि डावं पाऊल आधीच थोडं त्या दिशेला असेल, तर खुब्याला कमी फिरावं लागतं आणि गुडघ्यावरची पीळ घटते. चाळिशी ओलांडलेल्यांनी ही एवढी एकच गोष्ट या लेखातून घेतली तरी चालेल.

पायरी २: क्लब मागे जाताना

बॅकस्विंगमध्ये खांदे साधारण ९० अंश वळतात आणि कंबर त्याच्या निम्मी, म्हणजे ४५. कंबर उजवीकडे वळली की डावा खुबा पुढे आणि किंचित खाली येतो, त्यामुळे डावा गुडघा आणखी थोडा वाकतो आणि बॉलच्या दिशेनं आत येतो. उजवा गुडघा त्याच वेळी थोडा सरळ होतो. थोडाच, पण लॉक नाही. उजवा गुडघा सुरुवातीएवढाच वाकलेला ठेवा, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं आणि आजही रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, कुणीतरी काका ते सांगतातच. तसं करून पाहा, कंबर तीस अंशांच्या पुढे वळत नाही, आणि उरलेलं वळण पाठ काढते. संध्याकाळी पाठीला मूव्ह मलम कुणी लावायचं, तो प्रश्न वेगळा.

तपासणी अशी: बॅकस्विंगच्या वरच्या टोकाला थांबा आणि मान न हलवता खाली बघा. डाव्या गुडघ्याची वाटी बॉलकडे किंवा बॉलच्या किंचित मागे बघते आहे? ठीक. ती उजव्या गुडघ्याच्या कुशीत शिरली आहे आणि डावा बूट आतल्या कडेवर कलंडला आहे? मग तुम्ही वळला नाहीत, सरकलात.

सरकणं ओळखायची दुसरी खूण मागच्या खिशात आहे. नीट वळलात तर उजवा मागचा खिसा तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडे जातो. सरकलात तर तो लक्ष्याच्या उलट्या दिशेला, उजव्या बुटाच्याही बाहेर जातो. खिसा भिंतीकडे गेला पाहिजे. हे खिशाचं प्रकरण लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

टाच उचलायची का? जॅक निकलस डावी टाच उचलायचा आणि त्याच्या नावावर १८ मेजर, म्हणजे सगळ्यात मानाच्या स्पर्धा, आहेत, तेव्हा ती चूक नक्कीच नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, खुबे आखडलेल्या माणसानं तर जरूर इंचभर उचलू द्यावी. एक फायदाही मिळतो: टाच परत टेकवणं हीच पुढच्या हालचालीची सुरुवात ठरते, वेगळं काही आठवावं लागत नाही. फक्त ती गुडघ्यानं ओढली जाऊन उचलली गेली पाहिजे. मुद्दाम चवड्यावर उभे राहू नका.

पायरी ३: वरून खाली वळताना

इथे थोडं थांबू, कारण सगळी भानगड इथेच होते.

डाउनस्विंगला साधारण पाव सेकंद लागतो. चांगल्या खेळाडूंमध्ये मागे जायचा वेळ आणि खाली यायचा वेळ यांचं प्रमाण तीनास एक असं असतं. पाव सेकंदात 'आता गुडघा, मग कंबर, मग खांदा' असा विचार होत नाही. म्हणून जे काही शिकायचं ते सावकाश हालचालीत शिकायचं आणि वेगात फक्त सोडून द्यायचं.

दुसरी गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. खाली यायची सुरुवात क्लब वर पोचल्यावर होत नाही. क्लब अजून मागे जात असतानाच दाब डाव्या पावलावर यायला लागलेला असतो. वरचं अंग मागे, खालचं अंग पुढे, असा एक क्षण. गोफण फिरवणाऱ्याचं पाऊल पुढे पडतं तेव्हा दगड अजून मागेच असतो, तसा. हा ताण जमला की क्लब आपोआप आतल्या वाटेनं खाली येतो. जमला नाही की खांदे आधी सुटतात, क्लब बाहेरून येतो आणि बॉल केळ्यासारखा उजवीकडे वळतो, म्हणजे आपला सगळ्यांचा लाडका स्लाइस.

या क्षणी डावा गुडघा काय करतो? तो उजव्यापासून दूर जातो. लक्ष्याकडे आणि किंचित बाहेर, डाव्या बुटाच्या लेसवर येऊन थांबतो. उजवा गुडघा लगेच त्याच्यामागे धावत नाही, त्यामुळे दोन गुडघ्यांमध्ये फट वाढते आणि माणूस क्षणभर घोड्यावर बसल्यासारखा दिसतो. त्याच वेळी बूड थोडं खाली जातं. सॅम स्नीडच्या जुन्या फिल्म पाहिल्यात तर ही बसल्यासारखी पोझ अगदी स्वच्छ दिसते. इतकी, की तिला त्याचंच नाव पडलं आहे. अमेरिकेतल्या पीजीए टूरवर ८२ विजय मिळवलेला माणूस. टायगर वुड्सनं २०१९ साली जपानमध्ये जिंकून त्याच्याशी बरोबरी केली.

पण बैठक काढू नका. तालमीतली सवय असलेले लोक 'बसा' म्हटलं की खरंच बसतात आणि मग बॉलच्या आधी जमीन खणतात. बघणाऱ्याला जेमतेम दिसेल एवढंच बसायचं. मनात चित्र आणायचं तर उंच स्टुलावर टेकल्याचं आणा, जेवणाच्या पाटावर बसल्याचं नको.

आणि मामांनी दाखवलेला तो लांबट ठसा? तो इथेच तयार होतो. गुडघा पावलाच्या वर आला तर ते वजन पुढं येणं. पावलाच्या बाहेरच्या कडेपलीकडे गेला तर ते घसरणं. फरक दोन-तीन इंचांचा, पण बॉलच्या हिशेबात फेअरवे आणि झाडी यांच्यातला. करंगळीच्या रेषेच्या बाहेर गुडघा जाऊ द्यायचा नाही, ही सीमा पक्की धरा.

पायरी ४: सरळ होताना

गुडघा लेसवर आला, आता तो तिथेच वाकलेला राहिला तर काम अर्धंच झालं. आता त्यानं उघडायचं. डाव्या पायानं जमीन खाली दाबायची, जमीन तेवढ्याच जोरानं वर ढकलते, गुडघा सरळ होतो आणि डावा खुबा मागे व वर जातो. खिसा आठवा. आता डावा मागचा खिसा पाठीमागच्या भिंतीकडे जायला हवा. गुडघा वर ढकलायचा नाही, लक्ष्याकडेही नाही. तो मागे उघडला की कंबर आपोआप वळते.

यातून वेग कसा येतो? पोतराजाचा आसूड पाहिलाय ना? हात पुढे जातो आणि एका क्षणी थांबतो. हात थांबला म्हणून टोक सुटतं आणि आवाज होतो. डावा पाय सरळ होऊन कंबरेला ब्रेक लावतो, कंबर मंदावली की वेग छातीकडे जातो, छातीकडून हातांकडे, हातांकडून क्लबच्या टोकाकडे. सरकत राहणाऱ्या माणसाच्या आसुडाला मूठच नसते.

क्रिकेट पाहणाऱ्यांना आणखी सोपं उदाहरण आहे. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय. धावत येऊन तो पाय टाकतो आणि तो गुडघा ताठ राहिला तर धावण्याचा सगळा वेग खांद्यात आणि चेंडूत जातो. गुडघा मऊ पडला की ताशी काही किलोमीटर तिथेच गळतात. गोल्फमध्ये धाव नाही, पण टेकू तोच.

कधी ढकलायचं? लवकर. डावा हात खाली येताना जमिनीला समांतर होतो, तिथेच खालचा जोर शिगेला असायला हवा. बॉलला क्लब लागताना ढकलायला गेलात तर उशीर झाला. चांगल्या खेळाडूंचा डावा पाय बॉलला क्लब लागताना जवळजवळ सरळ असतो, पूर्ण सरळ त्यानंतर होतो. पण वरूनच, म्हणजे पायरी ३ गाळून थेट सरळ केलात, तर कंबर जागच्या जागी भिंगरीसारखी फिरते, वजन उजव्या पायावरच राहतं आणि परत तोच स्लाइस. आधी लेसवर, मग मागे. क्रम बदलायचा नाही.

वेजनं, म्हणजे जवळच्या शॉटच्या क्लबनं, तीस-चाळीस यार्डांचा छोटा शॉट मारताना यातलं फारसं काही लागत नाही. तिथे वजन सुरुवातीपासून डाव्या पायावर ठेवा आणि गुडघ्याला शांत बसू द्या.

क्रिकेटवाल्यांसाठी वेगळं

आपल्याकडे गोल्फला येणारे बहुतेक जण आधी क्रिकेट खेळलेले असतात, आणि गोलंदाजापेक्षा फलंदाज जास्त. कव्हर ड्राइव्हमध्ये काय शिकवलेलं असतं? पुढचा पाय चेंडूच्या जवळ, गुडघा वाकलेला, डोकं त्याच्यावर. अंगात मुरलेलं. गोल्फच्या बॉलसमोर उभं राहिलं की हेच बाहेर येतं: डावा गुडघा वाकतो, डोकं पुढे जातं, सगळं अंग बॉलवर चालून जातं. पण गोल्फचा बॉल तुमच्याकडे येत नाहीये, त्याला भेटायला जायची गरज नाही. डोकं बॉलच्या मागेच राहिलं पाहिजे आणि गुडघा उघडला पाहिजे. माझा एक मित्र, क्लब क्रिकेटमध्ये सलामीला यायचा, त्याला मी एवढंच सांगितलं की 'पुढच्या पायावर बचाव करू नकोस, बॅकफूट पंच मारल्यासारखा उंच हो.' पंधरा मिनिटांत फरक पडला. तंत्र म्हणून ही तुलना शंभर टक्के बरोबर नाही, पण त्याला लागू पडली.

शेवट: पोझ धरणं

स्विंग संपल्यावर तीन मोजेपर्यंत तसंच उभं राहा. बेल्टचं बक्कल लक्ष्याकडे, डावा पाय सरळ, वजन डाव्या टाचेवर आणि पावलाच्या बाहेरच्या बाजूवर, उजवा बूट फक्त अंगठ्यावर उभा, तळवा मागे दिसतोय. उजवा पाय उचलून पाहा. पडला नाहीत तर वजन खरंच पुढे आलेलं आहे. तीन मोजता आले नाहीत तर कुठे चुकलं ते शोधायला व्हिडिओही लागत नाही, ज्या बाजूला तोल गेला ती बाजूच सांगते.

टीव्हीवरच्या सगळ्या पायांची नक्कल मात्र करू नका. स्कॉटी शेफलरचे पाय बॉल मारताना बर्फावर उभा असल्यासारखे सरकतात. त्यानं २०२२ आणि २०२४ ची मास्टर्स ही मेजर स्पर्धा जिंकली, २०२४ मध्येच पॅरिसला ऑलिम्पिक सुवर्णही घेतलं. त्याच्या हाताला क्लब कुठे आहे ते कळतं. आपल्याला अजून क्लब कपाटात कुठे ठेवला तेही आठवत नाही.

घरी आणि रेंजवर

पहिला सराव क्लबशिवाय, घरात. जेवणाच्या टेबलाची खुर्ची पाठीमागे ठेवा, तिची पाठ तुमच्या बुडाला हलकी टेकेल अशी. हात छातीवर आडवे. उजवीकडे वळा, उजवं बूड खुर्चीवर दाबतं. आता डावा गुडघा लेसवर आणा. या क्षणी दोन्ही बाजू खुर्चीला लागल्या पाहिजेत. मग डावा पाय सरळ करा, फक्त डावं बूड खुर्चीवर. मध्येच खुर्चीशी संपर्क सुटला तर तुम्ही बॉलकडे उभे राहताय. नवख्यांमध्ये ही चूक फार, आणि बॉल क्लबच्या दांड्याजवळ लागून आडवा जाण्याचं ते एक मोठं कारण. रोज वीस वेळा, सावकाश. घरचे हसतील, हसू द्या.

दुसरा सराव रेंजवर, माझा आवडता. दोन्ही पाय जुळवून उभे राहा, ९ नंबरचं आयर्न घ्या. क्लब मागे न्या, आणि तो वर पोचायच्या जरा आधी डावं पाऊल लक्ष्याकडे टाका, मग मारा. पाऊल आधी, मारणं नंतर. सुरुवातीला चार-पाच बॉल सुटतील, लाज वाटू द्यायची नाही. यात चुकीच्या क्रमानं करणं जवळजवळ अशक्यच असतं, म्हणून तो इतका उपयोगी. पाय टाकायचा लय अंगात बसला की हळूहळू पाय न उचलता तोच दाब द्यायचा.

तिसरा घसरणाऱ्यांसाठी. डाव्या बुटाच्या बाहेर, बुटाला लागून नव्हे तर चार बोटं अंतरावर, जुनी छत्री किंवा अलाइनमेंट स्टिक जमिनीत उभी रोवा. बॉल मारताना कंबर तिला किंचित लागली तर हरकत नाही, पण गुडघा तिच्यावर आदळला तर गुन्हा. मॅटवर रोवता येत नाही, तिथे ओळखीच्या माणसाला बाजूला उभं करू नका, क्लब कुठेही जातो. गोल्फ बॅग उभी करा.

ज्यांना उघडणंच जमत नाही, त्यांनी हातात क्लब न घेता डाव्या पायावर वजन घेऊन छोटी उभी उडी मारावी. उडीच्या आधी गुडघा वाकतो, मग जमीन दाबतो. नेमकी तीच भावना. फक्त स्विंगमध्ये पाय जमिनीवरून सुटत नाही. जस्टिन थॉमसचे पाय सुटल्यासारखे दिसतात, पण तो जस्टिन थॉमस आहे.

व्हिडिओ काढताना मोबाइल समोरून, कमरेच्या उंचीवर ठेवा आणि स्लो मोशन चालू करा. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे अख्ख्या डाउनस्विंगच्या सात-आठ फ्रेम, त्यात गुडघा दिसतच नाही. सेकंदाला २४० फ्रेम घेतल्या तर साठ मिळतात. गडद पँट असेल तर डाव्या गुडघ्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा. मग व्हिडिओत फक्त त्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघायचं: आधी बॉलकडे आत, मग लेसवर बाहेर, मग मागे. ठिपका या तीन जागी गेला की बाकीचं बघायची गरज नाही.

५० बॉलचं एक बकेट घेतलं तर मी असं वाटतो: पहिले १० नुसते अर्ध्या स्विंगनं, पुढचे १५ पाऊल टाकून, मग १५ नेहमीसारखे उभं राहून पण सत्तर टक्के जोरात, आणि शेवटचे १० काहीही विचार न करता. ड्रायव्हर त्या दिवशी बॅगेतच. तीन-चार आठवडे असं केलं की मगच त्याला बाहेर काढायचं.

गुडघा दुखत असेल तर

टायगर वुड्सचा डावा गुडघा हा या विषयातला सगळ्यात गाजलेला गुडघा. तरुणपणी तो बॉल मारताना डावा पाय खाडकन मागे ताठ करायचा. त्या गुडघ्यावर १९९४ साली, मग २००२ साली, मग एप्रिल २००८ मध्ये शस्त्रक्रिया झाली. जून २००८ मध्ये टॉरी पाइन्सला त्यानं यूएस ओपन जिंकलं ते फाटलेल्या लिगामेंटवर आणि नडगीच्या हाडाला दोन ठिकाणी तडे गेलेले असताना. रॉको मेडिएटशी बरोबरी झाली म्हणून सोमवारी आणखी १८ होल आणि त्यावर एक, असे एकूण ९१ होल तो त्या पायावर चालला. त्यानंतर काही दिवसांतच लिगामेंटची मोठी शस्त्रक्रिया. ही शौर्यकथा म्हणून सांगत नाही. गुडघ्यात मोजमापाची यंत्रणा असलेलं कृत्रिम रोपण बसवलेल्या रुग्णांवर संशोधकांनी पाहिलं आहे की ड्रायव्हर मारताना पुढच्या गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या चौपटीहून जास्त दाब येतो. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाच्या एका गुडघ्यावर जवळपास तीन क्विंटल.

म्हणून पाय उघडायचा, पण मागे हिसडायचा नाही. शेवटचे काही अंश सैल ठेवा. पाऊल बाहेर वळवलेलं असू द्या, आणि बॉल गेल्यावर डाव्या बुटाचं टोक लक्ष्याकडे फिरलं किंवा उजवा पाय चालत पुढे आला तरी खुशाल येऊ द्या. रेंजवरच्या मॅटपासून जरा जपून, विशेषतः पावसाळ्यात, जेव्हा आपल्याकडे गवतावर जाताच येत नाही. गवतावर बूट थोडा फिरतो, मॅट त्याला घट्ट धरून ठेवते आणि फिरायचं राहिलेलं गुडघा फिरतो. मॅटवर स्पाइकचे बूट घालू नका, साधे सपाट तळाचे चालतात. आत टोचल्यासारखं दुखलं, सूज आली किंवा गुडघा अडकल्यासारखा वाटला तर बकेट अर्धवट टाकून घरी जा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पैसे गेले म्हणून उरलेले बॉल संपवणारे मी पाहिलेत, त्यात एकदा मीही होतो.

कोर्सवर गेल्यावर

कोर्सवर हे सगळं विसरायचं. बॉलवर उभं राहून तीन गोष्टी आठवायला गेलात तर एकही होणार नाही. एकच शब्द न्या. मी 'लेस' नेतो, कुणी 'खिसा' नेतं. आणि सकाळची पहिली वेळ मिळाली तर मारल्यावर दवातला ठसा बघून पुढे जा. पाऊल जागच्या जागी फिरलेलं असेल तर ठसा गोलसर दिसतो, घसरलेलं असेल तर लांबट.

उतार आला की मात्र हिशेब बदलतो. लक्ष्याकडची बाजू उंच असेल तर डावा गुडघा सुरुवातीपासूनच जास्त वाकलेला राहतो आणि त्याच्यावर चढून सरळ होणं अवघड जातं, वजन उजवीकडेच रेंगाळतं. तिथे जोर लावू नका, एक नंबर लांबचा क्लब घ्या (७ ऐवजी ६) आणि तीन-चतुर्थांश स्विंग मारा. बॉल उंच आणि थोडा डावीकडे जातो, तेवढं उजवीकडे धरा. लक्ष्याकडे उतार असेल तर वजन आधीच डाव्या पायावर असतं. मग गुडघा लेसवर आणायचा प्रश्नच उरत नाही, तो तिथेच असतो. बॉल उजव्या पायाकडे किंचित घ्या, खांदे उताराच्या जमिनीला समांतर ठेवा, आणि मारल्यावर तोल पुढे गेला तर उताराच्या दिशेनं एक पाऊल चालत निघा.